१९२१ च्या शिरगणतीत माझ्या पणजीचं नाव बघायला मिळेल का?

गुहागरची_सई

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस वाचतेय पण धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी नणंद लीड्सला असते. मागच्या महिन्यात आम्ही तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तिच्या शेजारच्या आजींनी मला टॅबवर एक कागद दाखवला, १९११ च्या जनगणनेचा. त्यांच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने शाईने भरलेला. घरात कोण कोण आहे, वय काय, काम काय, लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली आणि त्यातली किती जिवंत आहेत, सगळं त्या एका कागदावर. आजी बोट ठेवून सांगत होत्या, ही माझी आत्या, ही लहानपणीच गेली. मला तिथे बसल्या बसल्या भरून आलं, कारण मला माझ्या पणजीचं नावसुद्धा माहीत नाही.

आमचे पणजोबा गुहागर तालुक्यातल्या एका लहान गावातले. १९२० च्या आसपास लालबागला गिरणीत कामाला आले, काही वर्षांतच वारले. पणजी आजोबांना घेऊन गावी परत गेली. आजोबांचं नाव दगडू, गावात सगळे तिला 'दगडूची आई' म्हणायचे आणि आजोबा नुसतं 'आई'. आजोबा १९८६ ला गेले, तेव्हा कोणाला विचारायचं सुचलंच नाही. बाबा आता ७९ चे आहेत आणि हल्ली रोज एकदा तरी म्हणतात की आजीचं नाव तरी कळायला हवं होतं गं.

तर प्रश्न असा की १९११, १९२१ किंवा १९३१ ची जनगणना आपल्याकडे पण झाली ना, इंग्रजांनीच केली ना, मग त्याचे घराघराचे कागद कुठे बघायला मिळतात? मुंबईत का दिल्लीत? अर्ज करावा लागतो का? कोणी बघितलेत का?

---

निवृत्त_मास्तर

सईताई, उत्तर ऐकून वाईट वाटेल पण स्पष्टच सांगतो म्हणजे तुमच्या खेपा वाचतील. ते कागद बघायला मिळत नाहीत.

मी ८१, ९१ आणि २००१ अशा तीन जनगणनांना प्रगणक होतो. ट्रेनिंगमध्ये पहिली गोष्ट हीच शिकवायचे, जनगणना कायदा १९४८, कलम १५. प्रगणकाने भरलेलं कुठलंही रजिस्टर, वही, फॉर्म बघायचा हक्क कोणालाही नाही आणि दिवाणी दाव्यात ते पुरावा म्हणूनसुद्धा चालत नाही. म्हणजे उद्या जमिनीच्या भांडणात कोणी म्हणालं की जनगणनेत आमचं नाव या घरात आहे, तर कोर्ट ते बघणारच नाही. आणि तुमच्या लीड्सच्या आजींकडे शंभर वर्षांनी कागद खुले होतात तशी मुदत आपल्या कायद्यात कुठेही लिहिलेली नाही.

जुन्या काळचं तर आणखी वेगळं. १९२१ ची गणती १८ मार्चच्या रात्रीची धरलेली आहे, त्या रात्री जो जिथे असेल तिथे त्याची मोजणी. आधी काही दिवस तलाठी आणि शाळामास्तर घरोघर वह्या भरून ठेवायचे आणि त्या रात्री कंदील घेऊन फिरून कोण आलं, कोण गेलं, कोण मेलं, कोण जन्मलं ते दुरुस्त करायचे. मग त्या वह्यांवरून माणशी एक चिठ्ठी करायची, चिठ्ठ्या खणांत वाटून मोजायच्या. ही चिठ्ठ्यांची पद्धत १९०१ पासूनची. एकदा तक्ते छापून झाले की सरकारच्या दृष्टीने काम संपलं, नावनिशीच्या वह्या जपून ठेवायची पद्धतच नव्हती. आज हातात उरलेत ते छापील अहवाल. त्यात तुमचा जिल्हा, तालुका, जात, धंदा, वय सगळं आहे, पण आकड्यात. नाव एकही नाही.

आणि एक गोष्ट सांगायला जीभ रेटत नाही पण सांगतो. त्या काळच्या सूचनांमध्ये असं होतं की घरातल्या बाईचं नाव सांगायला कोणी हरकत घेतली तर नावाच्या रकान्यात नुसतं 'स्त्री' लिहावं. म्हणजे ती वही आज सापडली असती तरी तुमच्या पणजीचं नाव त्यात असतंच असं नाही.

कायद्याबद्दल माझं मत मात्र विचाराल तर मी त्या गुप्ततेच्या बाजूचा आहे. दारात उभं राहिल्यावर माणसं विचारायची की मास्तर हे कागद कुठे जाणार, रेशनकार्डाला काही होणार नाही ना, पोरगी नवऱ्याला सोडून आलीय ते लिहू नका. मी त्यांना शब्द द्यायचो की हे कोणालाही दाखवणार नाही. त्या शब्दावर त्यांनी खरं सांगितलं. तो शब्द मोडायला मला नाही आवडणार.

---

टोरांटोकर

मास्तर, तुमचा शब्द जिवंत माणसांना दिलेला आहे आणि तो पाळायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण शब्दाला मुदत असू शकते ना. मी गेली २२ वर्षं कॅनडात आहे, इथे ९२ वर्षं. १९३१ ची जनगणना १ जून २०२३ ला खुली झाली, फुकट, कोणीही बघा. अमेरिकेत ७२ वर्षं, १९५० ची १ एप्रिल २०२२ ला आली. इंग्लंडमध्ये १०० वर्षं, १९२१ ची जानेवारी २०२२ मध्ये आली.

आणि हे कुठेही आपोआप झालेलं नाही, लोक भांडलेत. इंग्लंडमधली ती १९११ ची, जी सईताईंनी बघितली, ती खरं तर २०१२ ला उघडायची होती. एका हौशी संशोधकाने माहिती अधिकारात अर्ज केला, माहिती आयुक्तांनी त्याच्या बाजूने निर्णय दिला आणि २००९ पासूनच ती लोकांना बघायला मिळाली. फक्त घरात कोणी आंधळं, बहिरं, वेडं आहे का हा जो रकाना होता तेवढा २०१२ पर्यंत झाकून ठेवला. मला हा तोडगा फार आवडतो, म्हणजे सगळंच बंद किंवा सगळंच उघडं असं करायची गरज नसते, एक रकाना झाकता येतो. कॅनडातही १९११ च्या वेळी मास्तर म्हणतात तोच वाद झाला की सरकारने कायमच्या गुप्ततेचा शब्द दिला होता का नव्हता. शेवटी २००५ साली कायदा केला आणि पुढच्या काही जनगणनांना फॉर्मवरच विचारायला लागले की तुमची माहिती ९२ वर्षांनी खुली केली तर चालेल का, हो का नाही. ऑस्ट्रेलियात पण २००१ पासून असं विचारतात, हो म्हटलं तर ९९ वर्षांनी. त्याच्या आधीचे नावानिशी फॉर्म त्यांनी नष्टच केलेले आहेत, आणि आज तिथले लोक त्याबद्दल हळहळतात.

नशिबाचा भाग पण असतो. इंग्लंडची १९३१ ची जनगणना डिसेंबर १९४२ मध्ये आगीत जळून गेली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, म्हणजे आता त्यांना १९२१ नंतर एकदम १९५१ ची, तीही २०५२ मध्ये.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे आता २०२७ ची जनगणना होतेय, पहिल्यांदाच डिजिटल, जातीची नोंदही होणार आहे. हा डेटा १०० वर्षं नीट ठेवायचा आणि मग खुला करायचा असं आत्ताच ठरवा ना. आपल्या पणजीचं हुकलं, पण आपल्या पणतवंडांचं तरी हुकू नये. यासाठी कोणी निवेदन वगैरे करणार असेल तर मी पाहिजे ती मदत करीन.

---

निवृत्त_मास्तर

@टोरांटोकर, मुदतीचं तुम्ही म्हणता ते पटतंय. तरी एक उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. आसामात १९५१ च्या जनगणनेवरूनच नागरिकांचं रजिस्टर तयार केलं होतं, गावागावाचं, नावानिशी. २०१५ पासून तेच रजिस्टर आणि १९७१ पर्यंतच्या मतदारयाद्या काढून लोकांना सांगितलं की यात तुमचे वाडवडील दाखवा आणि तुमची वंशावळ जुळवून दाखवा. २०१९ ला यादी लागली त्यात १९ लाखांवर माणसं बाहेर. कोणाचं स्पेलिंग चुकलेलं, कोणाच्या आईचं नाव लग्नानंतर बदललेलं. आपण ज्याला वंशावळ म्हणतो, प्रेमाने शोधतो, तीच तिथे माणसांना पोटात गोळा आणत होती. म्हणून उघडायचं तर कशासाठी वापरता येईल आणि कशासाठी नाही हे पण कायद्यात लिहिलेलं पाहिजे, एवढंच.

---

रेकॉर्डरूम

सईताई, जनगणना सोडून द्या, तुमचं काम दुसरीकडे होऊ शकतं. मी कुणबी नोंदी शोधायच्या निमित्ताने गेली दोन वर्षं तहसील आणि भूमी अभिलेखची दप्तरं चाळतोय, आधी आमच्या घरासाठी, मग भावकीसाठी, आता गावात कोणालाही लागलं तर मलाच बोलावतात. तिकडे पण लोक हाच घोळ करतात, गॅझेट गॅझेट म्हणतात, अहो गॅझेटमध्ये आणि शिरगणतीच्या अहवालात आकडे असतात, तुमच्या खापरपणजोबाचं नाव कसं असेल त्यात. नाव असतं ते गावच्या कागदात.

तुम्ही काय काय बघायचं ते सांगतो. गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, काही ठिकाणी कोतवाल बुक म्हणतात. ही तहसीलच्या रेकॉर्ड रूमला असते. पण यात जन्माच्या नोंदीत बहुतेक वेळा बापाचं नाव, जात आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असतं, आईचं नाव क्वचित. मृत्यूच्या नोंदीत बाई असेल तर 'अमक्याची बायको' असं पण मी बघितलंय. दुसरं, आजोबा ज्या शाळेत गेले असतील तिथलं जनरल रजिस्टर. तिसरं, आणि तुमच्यासाठी माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं, फेरफार, म्हणजे गाव नमुना ६. पणजोबांच्या नावावर गुंठाभर जरी जमीन असेल, कूळ म्हणून जरी नाव असेल, तर ते वारल्यावर वारसाचा फेरफार झाला असणार. मुलगा लहान असेल तर त्याच्या नावापुढे अ.पा.क. असं लिहून पालनकर्त्याचं नाव लिहितात, अज्ञान पालनकर्ता. बाप मेलेला म्हटल्यावर तिथे आईच येणार, आणि तिथे 'दगडूची आई' असं लिहून चालत नाही, तिचं नाव लिहावंच लागतं.

तुमच्याकडे खोतीची गावं, म्हणजे जिथे सारा खोत गोळा करायचा, तर बोटखत, म्हणजे खोती गावाची जुनी जमिनीची नोंदवही पण विचारा, त्यात कुळांची नावं असतात. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन करून सरकारच्या साइटवर टाकलेत, आधी तिथे गाव शोधा. नसेल तर जाऊन नकलेचा अर्ज करा. जुनं मोडीत असेल, घाबरू नका, फोटो इथे टाका, वाचणारे आहेत. आणि रेकॉर्ड रूमला सकाळी लवकर जा, तिथल्या माणसाशी नीट बोला, तो दिवसभर धुळीत बसलेला असतो, त्याच्यासमोर आवाज चढवून दप्तर बांधलेला एकही रुमाल सुटत नाही.

---

मोका_निवासी

सर्वांना नमस्कार. मी मॉरिशसची आहे, माझी मराठी शाळेत आणि देवळात शिकलेली, चुका माफ करा.

आमच्याकडे उलट झाले आहे. आमचे पूर्वज ऊसमळ्यावर मजूर म्हणून मुंबई बंदरातून आले, आणि मजूर होते म्हणून सरकारने त्यांची प्रत्येक गोष्ट लिहून ठेवली. नंबर, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा. नंतरच्या लोकांचे फोटोसुद्धा आहेत. ही रजिस्टरं मोका येथे महात्मा गांधी संस्थेत आहेत, आपल्या कुटुंबाची कागदपत्रे घेऊन गेले की ते शोधून देतात. माझ्या खापरपणजोबांच्या नोंदीत रत्नागिरी आहे, पण गावाचे नाव कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले आहे, आणि ते गाव कुठले हे मला वीस वर्षांत कळले नाही. तुमच्याकडे गाव आहे, नाव नाही. माझ्याकडे नाव आहे, गाव नाही. ताई, तुमच्या पणजीचे नाव मिळाले की इथे लिहा, मी वाट बघीन.

---

भिवा_वाचनालय

मास्तरांनी आसामचं सांगितलं म्हणून मी पण लिहितो, एरवी अशा धाग्यात मी नुसता वाचतो.

माझं घराणं महार वतनातलं. आमची वंशावळ आहे, चांगली सहा पिढ्यांची, आणि ती वतनाच्या रजिस्टरमुळे आहे. वतन म्हणजे गावाची राबणूक, १९५८ चा कायदा झाला तेव्हा ते गेलं. त्या रजिस्टरात माझ्या पूर्वजांची नावं धोंड्या, सटव्या, येश्या अशी आहेत, त्याच पानावर दुसऱ्यांना राव आणि जी आहे. पहिल्यांदा नक्कल हातात आली तेव्हा मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही. मग माझ्या मुलीने ती सगळी नावं एका कागदावर धोंडीराम, सटवाजी, यशवंत अशी लिहून भिंतीला लावली.

तेव्हा कागद उघडा करा म्हणणाऱ्यांना माझं सांगणं की जरूर करा, मला ते बंद नकोयत, आमच्यावर काय झालं त्याचा पुरावा त्याच्यातच आहे. पण आज एखाद्या पोराने शहरात येऊन आडनाव बदललंय, घर भाड्याने मिळावं म्हणून जात सांगत नाही, त्याच्या आजोबाचं नाव टाकलं की सगळं बाहेर येईल असं एका क्लिकवर नको. आधी वारसाला दाखवा, मग बाकीच्यांना. टोरांटोकर म्हणतात तसा एखादा रकाना झाकता येतो, तर आपल्याकडे झाकायचा रकाना कुठला हे ठरवताना आमच्यातलं कोणीतरी त्या टेबलावर असलं पाहिजे.

---

टोरांटोकर

भिवादादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी इथल्या नियमांवरून विचार करत होतो. तुमचं वारसाला आधी हे कलम निवेदनाच्या मसुद्यात पहिलं घेतो, आणि मास्तरांचं, की नागरिकत्वाच्या किंवा जमिनीच्या तंट्यात हे कागद वापरता येणार नाहीत. मसुदा झाला की दोघांनाही पाठवतो, तुम्ही वाचल्याशिवाय पुढे जाणार नाही.

---

कावेरी_म

थोडं अवांतर आहे पण बायकांच्या नावावरून आठवलं. १९५१-५२ ची पहिली निवडणूक झाली तेव्हा मतदारयादीत अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई असंच सांगितलं. आयोगाने ते मान्य केलं नाही आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली, बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतली. तेव्हा वाईट झालं, पण पुढच्या याद्यांमध्ये बायकांचं स्वतःचं नाव यायला लागलं ते त्या आग्रहामुळेच. सई, तुझी पणजी १९५२ ला हयात होती का? असेल तर त्या वेळची गावची मतदारयादी पण शोध.

---

गुहागरची_सई

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, उशिरा लिहितेय कारण मधे गावाला जाऊन आले. बाबांना घेऊन गेले होते, नको नको म्हणत होते पण गाडीत सगळ्यात आधी तेच जाऊन बसले.

पहिल्या दिवशी काही मिळालं नाही, वही दुसऱ्या गावाच्या रुमालात बांधलेली होती. दुसऱ्या दिवशी तिथल्या दादांनी स्वतःहून तीन रुमाल सोडले. नमुना १४ मध्ये १९२६ साली पणजोबांचा मृत्यू सापडला, कारणाच्या रकान्यात 'ताप'. आणि रेकॉर्डरूम दादा, तुम्ही म्हणालात तसंच, दोन वर्षांनी वारसाचा फेरफार. कूळ म्हणून साडेचार गुंठे. त्यात लिहिलंय, दगडू, वय वर्षे ५, अ.पा.क. आई भागीरथी.

भागीरथी.

बाबांनी ते तीनदा वाचायला लावलं. मग बाहेर येऊन झाडाखाली बसले आणि म्हणाले, अगं माझ्या ताईचं नाव तुझ्या आजोबांनी भागू ठेवायला सांगितलं होतं, माझी आई नको म्हणाली जुनाट आहे म्हणून. ही ताई म्हणजे माझी आत्या, सुनंदा. आजोबांनी कोणाला सांगितलंच नाही की ते नाव कोणाचं आहे.

कावेरी, बाबांना अंधुक आठवतंय, ते चारपाच वर्षांचे असताना ती गेली, म्हणजे १९५२ ला असणार. मतदारयादी बघते.

मोकाच्या ताई, तुमच्याकडे जे गावाचं नाव लिहिलंय ते जसं आहे तसं देवनागरीत इथे लिहाल का? बाबांना आमच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांची जुनी नावं पाठ आहेत, ते म्हणाले विचार त्यांना, मी बघतो.

आता माहेर राहिलं. भागीरथी कोणाची मुलगी, कुठल्या गावची, ते फेरफारात नाही. बाबा म्हणतात की आजोबांनी तिच्या अस्थी नाशिकला रामकुंडावर नेल्या होत्या. तिथल्या उपाध्यांच्या वहीत आईच्या माहेरचं पण लिहितात असं ऐकलंय. गुहागरकडच्या गावांची वही नाशिकला कोणाकडे असते हे कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, दिवाळीच्या आधी बाबांना घेऊन जायचंय.

---

रेकॉर्डरूम

सईताई, नाशिकला गावावरून आणि आडनावावरून उपाध्ये ठरलेले असतात, रामकुंडावर जाऊन गाव, तालुका आणि जात सांगा, तिथलेच लोक त्या घराकडे पाठवतात. नामावळीत, म्हणजे उपाध्यांच्या त्या वहीत, आजोबांनी तेव्हा जे सांगितलं ते लिहिलेलं असेल, आणि श्राद्धाला मातामहाचं नाव लागतंच, म्हणजे भागीरथीच्या वडलांचं नाव आजोबांनी सांगितलेलं असण्याची शक्यता आहे. जाताना आजोबा अस्थी घेऊन नाशिकला कुठल्या साली गेले असतील त्याचा अंदाज आणि फेरफाराची नक्कल बरोबर ठेवा. आणि निघायच्या आधी तुमची, बाबांची, मुलांची नावं लिहिलेला कागद तयार ठेवा, वहीत पुढची पिढी ते त्याच पानाखाली लिहून घेतात. त्यात सुनंदाआत्याचं पण नाव घाला.